दळणावरचा कर आणि स्वच्छ हातांचा मंत्री

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं मराठी वाचकाला नवी नाहीत. सावरकरांनी लंडनला असताना मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, १९०७ साली तो इथं छापून निघाला आणि पुढं सरकारनं जप्तही केला. तेव्हापासून इटलीचं एकीकरण म्हटलं की लाल सदऱ्यातले गॅरिबाल्डीचे हजार वीर आणि गुप्त मंडळ्या डोळ्यांसमोर येतात. १८६१ साली देश एक झाला, इथं आपली गोष्ट संपते. पण एक झालेल्या देशाला पहिल्या महिन्यापासून शिपायांचे पगार द्यावे लागतात, मोडलेल्या जुन्या राज्यांची कर्जं आपल्या नावावर घ्यावी लागतात, रेल्वे टाकावी लागते, सावकारांचं व्याज चुकवावं लागतं. हा पैसा कुणी दिला, हे आपण फारसं विचारलेलं नाही.

तो पैसा उभा करणाऱ्या माणसाचं नाव क्विंतिनो सेल्ला. तो तीन वेळा इटलीचा अर्थमंत्री होता: १८६२ मध्ये काही महिने, १८६४-६५ मध्ये वर्षभराहून थोडं अधिक आणि १८६९च्या डिसेंबरपासून १८७३च्या जुलैपर्यंत सलग. आज त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं, कारण अशा माणसाचं आपल्याला भारी कौतुक असतं. व्यासंगी, राहणीनं साधा, सरकारी पैशाला हात न लावणारा आणि तोंडावर कडू बोलणारा. याच माणसानं गरिबाच्या भाकरीवर कर बसवण्याची कल्पना काढली, ती रेटली आणि नंतर स्वतः मंत्री होऊन वसुलीची यंत्रणा बसवली. पहिल्या गोष्टीमुळं दुसरी माफ होते का? माझ्या मते होत नाही. आणि होत नाही हे कळायला आपल्याला इतका वेळ का लागतो, हा या लेखाचा खरा विषय आहे.

सेल्लाचा जन्म १८२७चा, आल्प्सच्या पायथ्याशी, बिएल्ला गावाच्या परिसरातल्या लोकरीच्या कारखानदार घराण्यातला. तुरिनला तो इंजिनीअर झाला. मग पॅरिसच्या खाणकाम विद्यालयात गेला आणि तिथं असताना १८४८ची क्रांती त्यानं जवळून पाहिली. परत येऊन स्फटिकशास्त्रात त्यानं एवढं नाव काढलं की एका खनिजाला त्याच्यावरून सेलाइट हे नाव मिळालं. गणितं सोडवायच्या सरकपट्टीवर त्यानं पुस्तक लिहिलं. १८६३च्या ऑगस्टमध्ये सोबत्यांबरोबर मोनव्हिझो शिखर चढून आला आणि दोनेक महिन्यांत इटलीचा आल्पाइन क्लब उभा केला. (हिमालयाची जुनी छायाचित्रं हुडकणाऱ्या आपल्याकडच्या गिर्यारोहकांना व्हित्तोरियो सेल्ला हे नाव माहीत असतं. १८९९ साली कांचनजंगाला वळसा घालणाऱ्या मोहिमेतला छायाचित्रकार. तो या क्विंतिनोचा पुतण्या.) १८६० साली तो संसदेत निवडून आला आणि दोन वर्षांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अर्थखातं त्याच्या हाती आलं.

खातं कसलं, भगदाडच ते. खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढं धावत होता. १८६४च्या शेवटी सेल्ला दुसऱ्यांदा आला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्यानं पुढच्या वर्षीचा जमीनमहसूल आगाऊ मागितला. मंत्र्यांच्या पगाराला कात्री लावली. राजा व्हित्तोरियो एमानुएले शिकारीचा शौकीन, खर्चाला सैल, पण सेल्लानं त्यालाही आपल्या तनख्यातले वर्षाला ३० लाख लिरा सोडायला लावले. सरकारी रेल्वे विकून टाकली. हाडापर्यंत काटकसर, हा त्याचा पुढं गाजलेला शब्दप्रयोग. विरोधकांनी त्याच्या राजकारणाला चांभाराच्या आरीचं राजकारण म्हणून हिणवलं आणि आरी हे त्याचं टोपणनावासारखं चिन्हच झालं. १८६६ साली ऑस्ट्रियाशी युद्ध झालं आणि त्या एका वर्षाची तूट ७० कोटी लिरांच्या वर गेली. कागदी नोटेच्या बदल्यात सोनं-चांदी मिळणं सरकारनं बंद केलं. चर्चच्या जमिनी लिलावाला काढल्या. त्या घेतल्या कुणी, तर ज्यांच्याकडं आधीच जमीन होती त्यांनी.

या अडचणीत दळणावरचा कर आला. इटालियन भाषेत त्याला माचिनातो म्हणतात. सेल्लानं तो पहिल्यांदा मांडला तेव्हा सभागृहानं कानांवर हात ठेवले होते. १८६६च्या युद्धानंतर मात्र त्याच सभागृहाला तो पटू लागला. ७ जुलै १८६८ रोजी कायदा झाला. तेव्हा अर्थमंत्री कांब्रे-दिन्यी होता, पण कराचा जनक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. १ जानेवारी १८६९ पासून वसुली सुरू झाली. गव्हाच्या क्विंटलला २ लिरा, ओटला १ लिरा २० सेंट, मका आणि रायला ८० सेंट, आणि चेस्टनटच्या पिठालासुद्धा ५० सेंट. डोंगराळ भागात धान्य पिकत नाही, तिथली माणसं चेस्टनट वाळवून दळून खात. तेही सुटलं नाही.

गॅरिबाल्डीची आठवण इथं काढायलाच हवी. मे १८६० मध्ये तो आपल्या हजार माणसांनिशी सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरला आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं फर्मान काढलं: दळणावरचा कर रद्द. जुन्या राजवटीचा हा सगळ्यांत नकोसा कर काढला म्हणून सिसिलीचा शेतकरी त्याच्या मागं उभा राहिला. ज्या राज्याच्या स्थापनेसाठी तो शेतकरी उभा राहिला, त्याच राज्यानं आठ वर्षांनी तोच कर त्याच्या दारात पुन्हा आणून उभा केला, आणि या वेळी साऱ्या देशावर.

वसुली कशी करायची, हा प्रश्न सेल्लानं इंजिनीअरसारखा सोडवला. जुन्या काळी गिरणीच्या दाराशी शिपाई बसे, पोती मोजी, दोन पैसे घेऊन एखादं पोतं न मोजताच सोडी. सेल्लाच्या डोक्यात माणूसच नको होता. प्रत्येक गिरणीच्या जात्याला फेरे मोजणारं यंत्र बसवायचं, त्याला सरकारी मोहोर मारायची आणि शंभर फेऱ्यांमागं ठरलेली रक्कम गिरणीवाल्याकडून घ्यायची. गिरणीवाल्यानं ती दळण घेऊन येणाऱ्याकडून काढून घ्यावी. कागदावर सुरेख. यंत्र लाच खात नाही, कुणाचं तोंड बघत नाही.

पण यंत्राला आणखीही बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत. त्याला जात्याचे फेरे कळतात, पाळूखाली काय आहे ते कळत नाही. पाळू झिजली असेल तर त्याच पोत्याला जास्त फेरे लागतात. धान्य ओलसर असेल तर वेगळे, कोरडं असेल तर वेगळे. ओढ्याला पाणी कमी झालं की पाणचक्कीचा वेग बदलतो. टाकी लावल्यावर दगड सारखा करायला जातं रिकामं फिरवावं लागतं, त्याचेही फेरे मोजले जातात. म्हणजे लहान, जुनाट, डोंगरातल्या गिरणीला दर पोत्यामागं जास्त कर, आणि शहराजवळच्या नव्या, मोठ्या गिरणीला कमी. लहान गिरणीवाल्यापुढं दोनच वाटा होत्या, शेतकऱ्याकडून जास्त घ्यायचे किंवा गिरणीला कुलूप लावायचं. पुष्कळांनी कुलूप लावलं.

त्यातही सुरुवातीला यंत्रं तयारच नव्हती. कायदा लागू झाला तेव्हा बहुतेक गिरण्यांवर काहीच बसलेलं नव्हतं आणि अधिकाऱ्यांनी अंदाजानं आकडे ठोकून दिले. आणखी एक गोष्ट राजधानीतल्या हिशेबनीसांच्या ध्यानात आली नव्हती, किंवा आली असून त्यांनी मनावर घेतली नाही. खेड्यातला शेतकरी दळणाची मजुरी पिठातच देत असे, पोत्यामागं ठराविक मापं. त्याच्या घरात रोकड नसे. कर मात्र रोकडीत द्यायचा होता. डोक्यावर पोतं घेऊन बाई गिरणीत आली, पीठ समोर तयार आहे, पण नाणं नाही म्हणून पीठ हाती मिळत नाही. यानंतर काय होईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

१८६९च्या पहिल्या दिवसांतच एमिलियाच्या मैदानात, बोलोन्या, पार्मा, रेज्जो या जिल्ह्यांत, लोक रस्त्यावर आले. गिरण्या सुरू करा आणि बिनकराचं दळून द्या, एवढंच मागणं. नगरपालिकांच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, कागदपत्रं जाळली गेली. बंडाचा पुढारी असा कुणी नव्हता. सरकारनं जनरल राफाएले कादोर्नाला पूर्ण अधिकार देऊन पाठवलं. गोळ्या झाडल्या गेल्या. सगळं थंड झालं तेव्हा आकडे असे होते: २५७ मृत, १,०९९ जखमी, ३,७८८ कैदेत. हाच कादोर्ना पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर १८७० रोजी, रोमच्या तटाला खिंडार पाडून आत शिरला आणि राष्ट्रवीर झाला. रोममध्ये त्या तारखेचं नाव दिलेला रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर सेल्लाच्या काळात काम सुरू झालेला अर्थमंत्रालयाचा अवाढव्य वाडा उभा आहे. समोर सेल्लाचा पुतळा आहे. गिरणीपुढं मेलेल्यांचं स्मारक त्या रस्त्यावर नाही.

आता सेल्लाची बाजू मांडतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. त्याच्या मते राष्ट्र दिवाळ्यात निघालं तर पुन्हा परक्यांच्या ताब्यात जाईल, आणि मग गरिबाची भाकरी आणखी महाग होईल. हे म्हणणं पोकळ नव्हतं. इटलीचे कर्जरोखे पॅरिसच्या बाजारात मातीमोल भावानं विकले जात होते. त्यानं केवळ गरिबांनाच पिळलं असंही नाही. १८७० साली उत्पन्नावरचा कर त्यानं १३.२० टक्क्यांवर नेला आणि कर्जरोख्यांच्या व्याजावरही तो कापून घेतला, तेव्हा रोखेवाले त्याच्या नावानं बोटं मोडत होते. लष्कराचा खर्च छाटला. त्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि राजाला नेपोलियन तिसऱ्याच्या मदतीला धावायचं होतं, तेव्हा मंत्रिमंडळात राजाच्या तोंडावर नाही म्हणणारा हाच होता. ते युद्ध टळल्यामुळं किती आयांची मुलं वाचली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. गावोगावच्या टपाल कचेरीत गरिबानं चार पैसे साठवावेत म्हणून टपाल बचत बँकेची कल्पना त्यानं वर्षानुवर्षं लावून धरली आणि १८७५ साली तिचा कायदा झाला. १८७३ मध्ये तो पडला तेही स्वभावाला धरून. सभासदांना तारांतोला नौदलाचा कारखाना हवा होता. सेल्ला म्हणाला, खर्च मंजूर करता तर नवा करही मंजूर करा. सभासदांना पहिला हवा होता आणि दुसरा नको होता. त्यानं राजीनामा दिला.

यातली प्रत्येक गोष्ट मला मनापासून आवडते. आणि म्हणूनच सांगतो, यातली एकही गोष्ट दळणावरच्या कराचं उत्तर होत नाही.

त्या कराचा भार कसा पडे ते साध्या हिशेबानं बघा. एखाद्या शेतमजुराच्या घरात वर्षाला १० क्विंटल मका दळला जात असेल, तर ८ लिरा कर झाला. शेतमजुराची रोजंदारी तेव्हा लिराच्या आगेमागे होती. म्हणजे आठवडाभराहून जास्त मजुरी केवळ पीठ करून घेण्यासाठी. जमीनदाराच्या घरी माणसं तितकीच, पण त्यांच्या ताटात मांस असे, चीज असे, वाइन असे, पीठ त्यातला एक भाग. त्यानं गव्हाचे २ लिरा दराचे पैसे भरले तरी त्याच्या उत्पन्नात ते दिसतही नसत. पो नदीच्या खोऱ्यातला मजूर तर मक्याच्या घाट्यावरच जगे. नुसत्या मक्यामुळं होणाऱ्या पेलाग्रा रोगानं त्याची कातडी सोलवटत होती आणि डोकं फिरत होतं. हा मनुष्य त्या राज्याचा नियमित करदाता. लोक या कराला भुकेवरचा कर म्हणत, ते अलंकारिक बोलणं नव्हतं.

हा कर मंजूर करणारं सभागृह निवडलं कुणी? १८६१ साली इटलीची लोकसंख्या २ कोटी २० लाखांच्या आसपास होती आणि मतदार ४ लाखांच्या थोडे वर. शंभरात दोनही नाहीत. मत हवं तर पुरुष हवा, २५ वर्षांचा हवा, लिहिता-वाचता यायला हवं आणि वर्षाला ४० लिरा प्रत्यक्ष कर भरणारा हवा. शंभरातली पंचाहत्तर माणसं निरक्षर असलेल्या देशातली ही अट. दळणावर भरलेला पैसा या ४० लिरांत धरत नसत. शेतमजूर आयुष्यभर कर भरी, पण कायद्याच्या लेखी तो करदाता नव्हता. जमीनदाराला आपल्या जमिनीवरचा कर वाढवणाऱ्या मंत्र्याला पाडता येत होतं. मजुराला आपल्या पिठावरचा कर बसवणाऱ्या मंत्र्याला दगड मारण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. पैसा जिथून सहज निघतो तिथून काढायचा, हा सेल्लाचा व्यवहार होता. सहज का निघत होता, तर देणाऱ्याला तोंड नव्हतं म्हणून.

जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला ते साल १८८३, इटलीत दळणावरच्या कराचं शेवटचं वर्ष. फुल्यांना सेल्ला माहीत असण्याचं कारण नाही. पण महसूल, मीठ, जकात, फंड असा एकेक कर घेऊन तो अखेर कुणाच्या पाठीवर बसतो आणि त्यावर कोण पोसलं जातं, हे विचारण्याची जी रीत त्यांनी घालून दिली, ती सेल्लाच्या जमाखर्चाला लावली की त्याच्या साधेपणाची पुण्याई बाजूला पडते आणि नुसता हिशेब उरतो.

ही पुण्याई बाजूला ठेवणं आपल्याला जड जातं. मंत्री खात नाही एवढं कळलं की आपण अर्धं समाधान पावतो. तो जुन्या गाडीतून फिरतो, मुलाला साध्या शाळेत घालतो, फाइलवर रात्री उशिरापर्यंत बसतो, हे ऐकून उरलेलं अर्धंही. मग त्याच्या निर्णयानं कुणाच्या घरात काय कमी झालं, हे विचारणारा आपल्याला कुरकुऱ्या वाटतो. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही, अशी आपल्या आजीची म्हण आहे. राज्यकर्त्याच्या बाबतीत आपण ती विसरतो. भ्रष्ट माणूस कर चोरतो, ते वाईटच. पण प्रामाणिक माणूस अन्यायी कर अधिक कार्यक्षमतेनं वसूल करतो, कारण त्याच्या यंत्रणेत फट नसते. सेल्लाच्या आधीच्या लाचखाऊ शिपायाच्या हातून गरिबाचं एखादं पोतं तरी निसटत होतं. सेल्लाच्या यंत्राच्या हातून निसटेना. पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा फारच कमी आलेलं उत्पन्न, यंत्रं बसत गेली तसं चढत जाऊन, शेवटी वर्षाला ८ कोटी लिरांच्या घरात पोचलं. या कर्तबगारीला काय म्हणायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सेल्लाच्या पक्षाचं पुढं काय झालं हे पाहण्यासारखं आहे. १६ मार्च १८७६ रोजी पंतप्रधान मिंगेत्तीनं सभागृहाला सांगितलं की जमाखर्च अखेर जुळला. पंधरा वर्षांच्या काटकसरीचं फळ. दोन दिवसांनी सरकार पडलं. रेल्वेच्या प्रश्नावरून तोस्कानाचे सभासद आधीच फुटले होते, पण प्रत्यक्ष मतदान झालं ते दळणाच्या कराच्या वसुलीवर कुणा सभासदानं विचारलेल्या प्रश्नावरून. १८१ विरुद्ध २४२. उजवे गेले, देप्रेतिसचे डावे आले. त्यांनी आश्वासन पाळलं, पण सावकाश. आधी हलक्या धान्यावरचा कर काढला, १८८० साली पूर्ण रद्द करण्याचा कायदा केला, आणि १ जानेवारी १८८४ रोजी यंत्रं थांबली. सेल्लानं शेवटपर्यंत विरोध केला. तो त्याच वर्षी १४ मार्चला गेला.

इथं पुष्कळजण टाळी वाजवतात. मी हात राखून ठेवतो. दळणावरचा कर काढणाऱ्या डाव्यांनी आल्यावर खर्च सैल सोडला, तूट परत आली आणि पैसा तर हवाच होता. १८८७ साली परदेशी गव्हावरची जकात क्विंटलला ३ लिरा झाली. पुढच्या वर्षी ५. १८९५ पर्यंत साडेसात. दळणाचा कर होता २ लिरा. जकात बंदरावर लागते, गिरणीत नाही. तिथं यंत्र नाही, मोहोर नाही, कुलूप नाही. गव्हाचा भाव वाढला एवढंच बाईला बाजारात कळे, कुणी वाढवला ते कळत नसे. आणि जकातीमुळं देशातल्या गव्हालाही चढा भाव मिळे, तो जमीनदाराच्या खिशात जाई, म्हणजे सरकारला एक लिरा मिळण्यासाठी गरिबाला त्याहून अधिक मोजावा लागे. सेल्ला निदान उघड्यावर उभा राहून सांगत होता, हा कर मी घेतोय आणि माझा तिरस्कार करायचा तर करा. त्याच्यानंतरच्यांनी तिरस्काराची सोयच ठेवली नाही. १८९८ साली गव्हाचा भाव आणखी कडाडला, गावोगाव भाकरीसाठी दंगे झाले आणि मे महिन्यात मिलानमध्ये जनरल बावा बेक्कारिसनं जमावावर तोफा डागल्या. सरकारी आकडा ८० मृतांचा. राजा उंबेर्तोनं जनरलला पदक दिलं. ते पदक मिलानचे कामगार विसरले नाहीत. दोन वर्षांनी राजाचा खून झाला तेव्हा मारेकऱ्यानं हेच कारण सांगितलं.

म्हणून, अमुक कर रद्द करा, या घोषणेवर लगेच खूश होणं मला जमत नाही. काढलेल्या कराच्या जागी काय आलं आणि ते कुठल्या दाराने आलं, हे विचारल्याशिवाय आनंद करणाऱ्याला पुन्हा पुन्हा फसवता येतं. लोकांचा राग सरकारच्या ध्यानात येतो, पण सरकार त्यातून बहुतेकदा एवढंच शिकतं की पुढचा कर दिसू द्यायचा नाही.

आता राहिला व्यवहारी माणसाचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक आहे: मग सेल्लानं पैसा आणायचा कुठून? आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. इटलीची खरी संपत्ती जमिनीत होती आणि जमिनीची नीट मोजणीच नव्हती. जुन्या राज्यांच्या वीसहून अधिक तऱ्हेच्या मोजण्या होत्या, काही शंभर वर्षं जुन्या, काही नुसत्या मालकाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या. कुठं चांगली बागायत पडीक म्हणून नोंदलेली, कुठं डोंगरउतारावर भरमसाट आकार. १८६४ साली प्रांतवार वाटे पाडून तात्पुरती डागडुजी केली, तेवढीच. जमीन मोजा, कस ठरवा, मालकाचं नाव लिहा आणि त्याप्रमाणं कर घ्या, हे काम खाणकाम शिकलेल्या इंजिनीअर मंत्र्याला अवघड म्हणता येणार नाही. देशातल्या हजारो गिरण्यांवर, डोंगरातल्या ओढ्यापर्यंत जाऊन, फेरे मोजणारी यंत्रं बसवायला त्याच्या सरकारला चार-पाच वर्षं पुरली. पण जमीनमालक मतदार होते आणि त्यांच्या बांधावर साखळी घेऊन जायची कुणाची छाती झाली नाही. साऱ्या देशाची एकसारखी जमीनमोजणी करण्याचा कायदा १ मार्च १८८६ला झाला, दळणाचा कर थांबून दोन वर्षं झाल्यावर आणि सेल्लाही गेल्यावर. मोजणी पुरी व्हायला १९५६ साल उजाडलं.